अंडी कुणी नेली, हे परस्पर सांगू नये

एका जंगलात, बाळांनो, चोर एकच होता आणि त्याला पकडणारी खाती तीन होती. त्यामुळे चोराचं अगदी बरं चाललं होतं.

जंगलाचं नाव करंजवन. मधून एक ओढा वाहायचा. राजा वाघ होता. त्याला सगळे महाराज म्हणत, कारण दुसरं काही म्हणून पाहण्याची कुणाची छाती नव्हती.

तीन खाती अशी. ओढ्याकाठची राखण पाणवठा पहाऱ्याकडे. झाडांवरची राखण शेंडा चौकीकडे. आणि जमिनीच्या पोटात जे काही असतं, म्हणजे बिळं, कपारी, वारुळं, त्यांची राखण बीळ बंदोबस्ताकडे. हद्दी पक्क्या होत्या. चोर पाण्यातून निघून झाडावर चढला की पाणवठा पहारा हुश्श करायचा. झाडावरून उतरून बिळात शिरला की शेंडा चौकी शेंगा सोलायला बसायची.

पाणवठा पहाऱ्याच्या प्रमुख होत्या वेणूबाई टिटवी. ही गोष्ट त्यांचीच आहे. पाय काटकुळे, आवाज खणखणीत आणि स्वतःविषयीचं मत फार चांगलं. टिटवी पाय वर करून झोपते, म्हणजे आभाळ कोसळलं तर झेलता येतं, असं लोक म्हणतात. वेणूबाईंनी हे कधी खोडून काढलं नाही. नेमणुकीच्या दिवशी त्या महाराजांना म्हणाल्या होत्या, "आभाळाकडे बघतेच आहे. त्यातच ओढ्याकडेही बघेन."

शेंडा चौकीचे प्रमुख झिपरोजी वानर. उंच ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसून ते दिवसभर सगळ्यांकडे वरून पाहायचे. ती सवय खाली उतरल्यावरही सुटायची नाही.

बीळ बंदोबस्ताचे प्रमुख नागोजीराव मुंगूस. आईबापांनी नाव नागोजी ठेवलं, याचा राग ते जन्मभर सापांवर काढत आले होते.

तिघांचं एकमेकांशी वैर नव्हतं बरं का. सणावाराला जाणं-येणं होतं, एकमेकांच्या पिलांच्या तब्येती विचारणं होतं. फक्त कामाचं बोलायचं नाही. माहिती ही अंड्यासारखी असते, असं तिघेही मानत. आपलं अंडं आपणच उबवावं. दुसऱ्याच्या घरट्यात ठेवलं की कोकिळेची गत होते. पिलू आपलं, आणि वाढवल्याचं नाव कावळ्याचं.

एके वर्षी करंजवनात अंड्यांच्या चोऱ्या सुरू झाल्या.

आधी तितरिणीची गेली. मग बदकिणीची. मग झाडावरच्या होल्याची. मग जमिनीच्या भोकात राहणाऱ्या वेड्या राघूची. चोर पोहत होता, चढत होता आणि बिळातही शिरत होता. अशा चोराला धरायचं कुणी, हे हद्दीत बसत नव्हतं.

तरी तिन्ही खात्यांनी तपास केला. आळशी नव्हतं कुणी.

वेणूबाईंना ओढ्याकाठच्या ओल्या चिखलात एक लांबच लांब रेघ सापडली. जाड शेपटी फरपटत गेल्याची. रेघेच्या दोन्ही बाजूंना नख्यांचे ठसे. वेणूबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच त्या रेघेवर पळसाची पानं पसरली. वरून झिपरोजींना दिसायला नको.

झिपरोजींना एका ढोलीतून बाहेर आलेली जीभ दिसली. टोकाला दोन फाटे असलेली. त्यांनी विचार केला, सापासारखं काही सांगितलं की श्रेय नागोजीराव घेणार. मग त्यांनी डोळे मिटले आणि जे पाहिलं होतं ते मनात ठेवलं.

नागोजीरावांना तर चोर चक्क भेटला. पण फक्त मागचा भाग. डोकं बिळात होतं, खरबरीत पाठ बाहेर होती. नागोजीराव नेमस्त गृहस्थ. अर्धवट माहिती द्यायची नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी ती दिली नाही.

तुम्ही ओळखलंत वाटतं. बोट खाली करा, बाळांनो. तुम्हाला ओळखता आलं, कारण तुम्ही अजून कुठल्या खात्यात नाही.

चोऱ्या वाढल्या. अंडी गेलेल्या आया दुपारभर रडायच्या. महाराजांची गुहा जवळच होती. महाराजांची दुपारची झोप मोडू लागली. मग मात्र प्रश्न गंभीर झाला.

महाराजांनी तिघांना बोलावलं. डोळे तांबारलेले होते.

"चोर कोण?"

"तपास चालू आहे, महाराज," वेणूबाई म्हणाल्या.

"काय कळलं?"

"सांगता येत नाही."

"काही कळलं नाही म्हणून?"

"कळलंय म्हणून."

महाराजांनी शेपटी आपटली. "मग मला सांग."

वेणूबाईंनी डावीकडे झिपरोजींकडे पाहिलं, उजवीकडे नागोजीरावांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "यांच्यासमोर?"

झिपरोजी आणि नागोजीरावांनीही हेच सांगितलं. नावं तेवढी बदलली.

त्या हिवाळ्यात करंजवनाच्या तळ्यावर एक चक्रवाक पाहुणा आला होता. दर साली यायचा. त्याच्या देशात बर्फ पडायचं, म्हणून तो शहाणा असणार असं सगळे धरून चालत. महाराजांनी त्याला सल्ला विचारला.

चक्रवाकाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्याकडे समन्वय नाही."

हा शब्द करंजवनात कुणालाच ठाऊक नव्हता. त्यामुळे सगळ्यांना तो पटला.

"तुमच्याकडे असतो?" महाराजांनी विचारलं.

"भरपूर."

"थोडा आणता येईल का?"

"तो आणत नाहीत, महाराज. नेमतात."

मग चक्रवाकाने सुधारणा सांगितल्या. एक समन्वय केंद्र काढायचं. तिन्ही खात्यांनी आपापली माहिती केंद्राला द्यायची. केंद्राखेरीज कुणालाही परस्पर काही सांगायचं नाही. महाराजांनाही नाही.

"मलाही नाही?"

"आपली झोपमोड होते."

महाराजांना हा मुद्दा फार आवडला.

"आणि समन्वयक कसा हवा?"

"तिन्ही खात्यांचं काम समजणारा. पाणी, झाड आणि बीळ, तिन्हीकडे वावर असलेला." एवढं बोलून चक्रवाकाने वारा पाहिला. ऊन तापू लागलं होतं. तो आपल्या देशाला निघून गेला. सल्ला मागे राहिला.

समन्वयकाच्या जागेसाठी दवंडी पिटली. मासा आला, पण त्याला झाड चढता येईना. खार आली, पण पाणी म्हटल्यावर तिला शिंका आल्या. उंदराला तिन्ही थोडं थोडं यायचं, पण नागोजीराव समोर बसलेले पाहून त्याने अर्ज मागे घेतला.

शेवटी सोज्वळाबाई घोरपड आल्या.

सोज्वळाबाई फार भल्या म्हणून प्रसिद्ध होत्या. पोट जमिनीला टेकवून सावकाश चालायच्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात. वाटेत कुणी गरोदर पाखरीण भेटली की थांबून विचारायच्या, "कधी घालणार गं अंडी? किती होतील? आणि घरटं कुठे बांधलंयस?" इतकी माया.

महाराजांनी मुलाखत घेतली.

"पोहता येतं?"

"येतं, महाराज."

"झाडावर?"

"चढते."

"बिळात?"

"राहते."

"अंड्यांविषयी काही अनुभव?"

"पुष्कळ," सोज्वळाबाई नम्रपणे म्हणाल्या.

वेणूबाईंना वाटलं, झिपरोजी नाही ना, मग कुणीही चालेल. झिपरोजींना वाटलं, नागोजीराव नाहीत ना, मग ठीक आहे. नागोजीरावांना वाटलं, टिटवी डोक्यावर बसण्यापेक्षा हे बरं. अशा रीतीने करंजवनात पहिल्यांदाच तिन्ही खात्यांचं एकमत झालं आणि सोज्वळाबाई समन्वयक झाल्या.

वडाखाली केंद्र उघडलं. बसायला सागाचा एक रुंद ओंडका आणला. सोज्वळाबाई त्यावर चढल्या, चार पाय चार बाजूंना ठेवले आणि म्हणाल्या, "आता आपण सगळे एक."

रोज सकाळी बैठक ठरली. प्रत्येक खात्याने सगळे पहारेकरी घेऊन यायचं. त्या वेळात ओढा, झाडं आणि बिळं मोकळी पडायची. सोज्वळाबाई बैठकीला जरा उशिराच यायच्या. तोंड पुसत यायच्या. "दौऱ्यावर होते," म्हणायच्या.

मग माहितीची देवाणघेवाण व्हायची.

"पाणी ओलं आहे," वेणूबाई सांगायच्या. "पण हे या चार झाडांबाहेर जाऊ नये."

"शेंड्यावर वारा आहे," झिपरोजी सांगायचे. "कोणत्या दिशेचा, ते आत्ताच सांगत नाही."

"बिळात अंधार आहे," नागोजीराव म्हणायचे आणि घाम पुसायचे. फार बोलून गेलो की काय, असं त्यांना वाटायचं.

सोज्वळाबाई तिन्हींची माहिती एकत्र करायच्या. ओल्या अंधारात वारा सुटला आहे, असं तयार व्हायचं. ते तिन्ही खात्यांना परत पाठवायच्या. खाती ते जपून ठेवायची.

एक मात्र खरं. सोज्वळाबाईंनी जेव्हा विचारलं की जंगलात कुणाकुणाची घरटी कुठे कुठे आहेत, तेव्हा तिघांनी भडाभडा सांगितलं. आपली माहिती देणं जड जातं, बाळांनो. दुसऱ्यांची द्यायला कुणाचीच हरकत नसते.

चोऱ्या दुपटीने वाढल्या. सोज्वळाबाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी तोडगा काढला.

"अंडी ठिकठिकाणी विखुरली आहेत, म्हणून ती चोरीला जातात," त्या म्हणाल्या. "सगळी अंडी केंद्रात जमा करा. मी स्वतः त्यांच्यावर बसेन."

महाराजांनी हुकूम काढला. आयांनी रडत रडत अंडी आणून दिली. आणि काय आश्चर्य, चोऱ्या एकदम थांबल्या. केंद्रातली अंडी दिवसेंदिवस कमी होत होती, पण ती चोरी नव्हती. सोज्वळाबाई तिला घट म्हणायच्या. उबवणीत थोडी घट येतेच.

महाराज पुन्हा दुपारचे झोपू लागले. कारवाई यशस्वी झाली.

त्याच सुमारास वेणूबाईंनी अंडी घातली. टिटवी घरटं बांधत नाही. ओढ्याच्या काठी खडेगोटे असतात, त्यातच अंडी घालते. अंडी अशी ठिपक्याठिपक्यांची की जवळ उभं राहिलं तरी खडेच वाटावेत. वेणूबाईंचे यजमान दामूअण्णा त्यांच्यावर बसायचे. शांत स्वभावाचे गृहस्थ. वेणूबाई घरी आल्या की विचारायचे, "आज काय झालं?" वेणूबाई म्हणायच्या, "गुप्त आहे." दामूअण्णा म्हणायचे, "बरं." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्यात यापलीकडे फारसं बोलणं झालं नव्हतं.

अंडी जमा करण्याचा हुकूम वेणूबाईंनीच ओढ्याकाठी ओरडून सांगितला होता. तो आपल्यालाही लागू आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. हुकूम देणाऱ्याच्या ते सहसा ध्यानात येत नाही.

एके दिवशी ससेबाईंकडे बारसं होतं. सगळ्या जंगलाला आमंत्रण होतं. पिलं इतकी होती की नावं ठेवता ठेवता आत्याबाईंचा घसा बसला आणि नावंही संपली. शेवटच्या दोघांची नावं 'हाही' आणि 'तोही' अशी ठेवून पंगती बसवल्या. जागा मिळेल तिथे बसायचं होतं. वेणूबाई, झिपरोजी आणि नागोजीराव शेजारीशेजारी आले.

कामाचं बोलायचं नव्हतं. मग तिघे तक्रारी करू लागले. तक्रारी करायला बंदी नव्हती.

"हल्ली मोठ्यांचा मान कुणी ठेवत नाही," झिपरोजी म्हणाले. "मागे एकदा ढोलीतून कुणीतरी मला जीभ काढून दाखवली. बरं, साधी जीभ असती तर मी सोडून दिलं असतं. टोकाला दोन फाटे. म्हणजे दोनदा अपमान."

"तुमचं एक बरं," वेणूबाई म्हणाल्या. "मी रोज सकाळी काठावरचा चिखल सारवल्यासारखा करून ठेवते. आणि कुणीतरी त्यावरून शेपटी फरपटत जातं. ही एवढी जाड शेपटी. पोटसुद्धा उचलत नाही मेलं."

"माझ्या तर घरात शिरतात," नागोजीराव म्हणाले. "परवा बिळात बघतो तर खरबरीत पाठ. म्हटलं, कोण आहे? तर आतून म्हणतं कसं, 'दौऱ्यावर आहे.'"

तिघांचेही घास तोंडातच राहिले.

पंगतीत रताळी वाढत होते. कुणीतरी "आग्रह आहे, आग्रह आहे," म्हणत पुढे गेलं. वेणूबाईंना ते ऐकू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे शेपटी आली, तिला पाठ जोडली गेली, पाठीपुढे जीभ आली, आणि मग ती सगळी सावकाश सागाच्या ओंडक्यावर जाऊन बसली.

तिघांनाही एकाच क्षणी कळलं. आणि तिघांनीही ते एकमेकांपासून लपवलं.

"रताळी छान शिजलीत," झिपरोजी म्हणाले.

"मीठ बेताचं आहे," नागोजीराव म्हणाले.

"मला जरा घाई आहे," वेणूबाई म्हणाल्या आणि हात न धुता उडाल्या.

आता तुम्ही म्हणाल, त्या थेट महाराजांकडे गेल्या असतील. नाही गेल्या. परस्पर सांगायचं नाही, असा नियम होता. माहिती फक्त केंद्रात द्यायची होती. वेणूबाई नियमाच्या पक्क्या. त्या केंद्रात गेल्या.

सोज्वळाबाई ओंडक्यावर ऊन खात बसल्या होत्या.

"या वेणूबाई. काय विशेष?"

"माहिती आहे," वेणूबाई म्हणाल्या.

"कुणाविषयी?"

"चोराविषयी."

"नाव कळलं?"

"हो."

"कोण?"

वेणूबाईंचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "आपण."

सोज्वळाबाईंनी सावकाश पापणी लववली. "खात्रीची आहे का माहिती?"

"खात्रीची आहे."

"गुप्त आहे?"

"अत्यंत."

"वा," सोज्वळाबाई म्हणाल्या. "मग कुणाला सांगू नका. चांगलं काम केलंत. आणि जाता जाता, तुमची चार अंडी अजून जमा झालेली नाहीत. अधिकाऱ्यांनीच उदाहरण घालून द्यायला हवं. उद्या दुपारपर्यंत आणून द्या."

आपण अंडी घातली आणि ती चार आहेत, हे या बाईंना कसं कळलं, असं वेणूबाईंना वाटलं. बाहेर पडताना झिपरोजी आत शिरत होते. "सहज आलो होतो," ते म्हणाले. त्यांच्यामागे नागोजीराव उभे होते. तेही सहजच आले होते.

वेणूबाई घरी आल्या. दामूअण्णा अंड्यांवर बसले होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"गुप्त आहे."

"बरं," दामूअण्णा म्हणाले. मग त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. तिने अजून पंखसुद्धा मिटले नव्हते. "अगं, झालं तरी काय?"

वेणूबाईंनी अंड्यांकडे पाहिलं. एका अंड्यातून बारीकशी टकटक ऐकू येत होती. पिलं एक-दोन दिवसांत बाहेर येणार होती. वेणूबाई मटकन खाली बसल्या आणि त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. रेघ सांगितली, जीभ सांगितली, पाठ सांगितली, केंद्र सांगितलं. सांगताना त्या रडल्यासुद्धा. "ती रेघ मी पहिल्याच दिवशी या दोघांना दाखवली असती," त्या म्हणाल्या, "तर बदकिणीची अंडी तरी वाचली असती. मी त्यावर पानं घातली हो."

बायकोने इतकं बोलल्याची दामूअण्णांना सवय नव्हती. मग म्हणाले, "आता असं कर. जाऊन मंजुळेला सांग."

मंजुळा म्हणजे पलीकडच्या बोरीवरची साळुंकी. तिच्या पोटात काही राहत नाही, अशी तिची ख्याती होती. वेणूबाईंनी आयुष्यात तिला वाऱ्यालाही उभं केलं नव्हतं.

"तिला सांगून काय होणार?" वेणूबाई म्हणाल्या. "आणि नियम?"

"नियम पाळ ना. तिला सांगताना म्हण, कुणाला सांगू नकोस. नाहीतर ती खरंच सांगणार नाही."

सकाळी उजाडताच वेणूबाई बोरीवर गेल्या. मंजुळा पंख साफ करत होती.

"मंजुळे, एक गोष्ट सांगते. पण माझी शपथ आहे, कुणाला सांगू नकोस."

मंजुळेने मान वाकडी केली. तिचे डोळे चमकले. वेणूबाईंनी चार वाक्यांत सांगितलं. पाचवं वाक्य सांगायला त्यांनी चोच उघडली, तेव्हा समोर नुसती फांदी हलत होती.

मंजुळेने पोपटांना सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून. पोपटांनी तेवढंच नीट पाठ केलं आणि सातभाईंना सांगितलं. सातभाई सातही एकदम बोलतात, त्यामुळे सात दिशांना गेलं. खारींनी त्यात थोडी भर घातली. कावळ्यांपर्यंत पोचेतो सोज्वळाबाईंना दोन डोकी झाली होती आणि त्या रोज एक हत्तीचं अंडं खात होत्या. पण नाव मात्र प्रत्येक तोंडी बरोबर होतं. बीळ बंदोबस्त, शेंडा चौकी, पाणवठा पहारा आणि समन्वय केंद्र यांना मिळून जे सारा हंगाम जमलं नाही, ते न्याहारीच्या आत झालं.

ऊन चढेपर्यंत सगळ्या आया वडाखाली जमल्या. मोरणी, तितरिणी, बदकिणी, होले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सगळ्या जणी एकदम बोलत होत्या. इतका कालवा झाला की महाराज झोपायच्या आधीच उठले आणि चालत आले.

सोज्वळाबाई ओंडक्यावरच होत्या. त्यांनी गर्दीकडे पाहिलं. "सर्वांत आधी हे सांगा," त्या म्हणाल्या, "ही माहिती परस्पर कुणी दिली?"

वेणूबाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळणारही नव्हतं. पण तिकडे ओढ्याकाठी दामूअण्णा अंड्यांवर बसले होते आणि दुपार जवळ येत होती.

"मी दिली," त्या म्हणाल्या. आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. "चिखलातली रेघ मी पाहिली. जीभ या झिपरोजींनी पाहिली. पाठ या नागोजीरावांनी पाहिली. आम्ही तिघांनी मिळून एक घोरपड दडवून ठेवली, महाराज."

झिपरोजींनी वर पाहिलं. नागोजीरावांनी खाली पाहिलं. पण 'नाही' असं कुणी म्हणालं नाही.

"बाई, हे खरं का?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, चौकशी चालू आहे," सोज्वळाबाई म्हणाल्या. "मीच करते आहे."

"ठेवलेली अंडी दाखवा."

सोज्वळाबाईंनी शेपटीने ओंडक्यामागची पानं बाजूला केली. मागे टरफलांचा ढीग होता. पांढरी, निळी, ठिपक्यांची. मोरणीने आपलं टरफल ओळखलं आणि ते चोचीत उचललं. तिच्यामागोमाग सगळ्या आया आपापली शोधू लागल्या.

"बाहेरचं सगळं सुरक्षित आहे," सोज्वळाबाई म्हणाल्या. "आतल्याची जबाबदारी केंद्राने घेतली नव्हती."

महाराज म्हणाले, "उतरा खाली."

सोज्वळाबाई उतरल्या नाहीत. त्यांनी चारही पायांच्या नख्या ओंडक्यात रोवल्या. घोरपड एकदा चिकटली की सुटते होय? नागोजीरावांनी शेपटी धरून ओढलं. हलेना. नागोजीरावांना झिपरोजींनी धरलं. हलेना. झिपरोजींचं शेपूट चोचीत धरून वेणूबाईंनी मागे जोर लावला. तिन्ही खाती इतक्या जवळून एकत्र कधीच आली नव्हती. तरी हलेना. महाराजांनी डरकाळी फोडली. सोज्वळाबाई आणखी घट्ट बसल्या.

"खुर्चीतून निघत नसेल," महाराज शेवटी कंटाळून म्हणाले, "तर खुर्चीसकट घालवा."

मग सगळ्या आयांनी, सशांनी, खारींनी ढकलत ढकलत तो ओंडका टेकडीवर नेला आणि पलीकडच्या उतारावर सोडून दिला. ओंडका गडगडत गेला. सोज्वळाबाई कधी वर दिसत होत्या, कधी खाली दिसत होत्या. पण सुटल्या नाहीत.

वेणूबाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या नाहीत. त्या ओढ्याकडे उडाल्या. दामूअण्णा अंड्यांवरून उठून बाजूला उभे होते. खड्यांमध्ये तीन खडे चालत होते. चौथ्याच्या पाठीवर अजून टरफल चिकटलेलं होतं आणि तो ते घेऊनच पळायच्या बेतात होता. वेणूबाई वाळूत बसल्या आणि त्यांनी दामूअण्णांना सकाळपासूनचं सगळं सांगितलं, न विचारता. दामूअण्णांनी मधे मधे "बरं" म्हटलं.

पुढे काही दिवसांनी टेकडीपलीकडच्या जंगलातून एक कबुतर निरोप घेऊन आलं. 'आमच्याकडे एक बाई आल्या आहेत. येताना स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. आमच्या समन्वय केंद्राची जागा रिकामी आहे. बाईंच्या आधीच्या कामाविषयी आपलं मत कळवावं.'

महाराजांनी तिन्ही प्रमुखांना विचारलं. आता तिघे एकमेकांशी मोकळेपणाने बोलत. त्यांनी जागच्या जागी चर्चा केली आणि मजकूर ठरवला. कबुतर तो घेऊन गेलं.

'बाई अत्यंत कर्तबगार आहेत. आम्हाला त्यांची उणीव भासते. मात्र त्यांना परत पाठवू नये.'

तात्पर्य : चहाडी करू नये, असं मोठी माणसं सांगतात. बाळांनो, तसं सांगणारी मोठी माणसं नोकरीला कुठे आहेत, ते आधी विचारून घ्यावं.